पहिला पैसा कोणाचा?

नवा उद्योग काढायचा म्हटले की घरात, मित्रांत आणि बँकेत पहिला प्रश्न ठरलेला असतो : भांडवल किती लागेल आणि ते आणणार कुठून? जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने ‘स्टार्टअप इंडिया’ योजना सुरू केली, २०१८ मध्ये महाराष्ट्राचे स्वतंत्र स्टार्टअप धोरण आले आणि पाहता पाहता हा शब्द तालुक्याच्या महाविद्यालयांतल्या फलकांवर जाऊन बसला. त्याबरोबर एक समजही रुजला. अमुक कंपनीने इतके कोटी उभे केले, ही बातमी आपण यशाची बातमी म्हणून वाचू लागलो. वास्तविक उभा केलेला पैसा म्हणजे कमाई नव्हे. त्यामागे कोणाची तरी अपेक्षा असते, आणि ती पुरी झाली नाही तर त्याच पैशाच्या ओझ्याने कंपनी बुडते. माझे म्हणणे असे की, भांडवलाच्या रकमेपेक्षा पहिला पैसा कोणाच्या खिशातून आला याला अधिक महत्त्व आहे. ज्याची अडचण सोडवायला आपण निघालो, त्यानेच गुंतवणूकदाराच्या आधी खिशात हात घातला असेल, तर उद्योग टिकण्याची शक्यता वाढते. त्याने तो घातला नसेल, तर बाहेरून आलेले कोट्यवधी रुपये बहुधा शेवट लांबवण्याच्याच कामी येतात. हे तपासून पाहायला नगर जिल्ह्याइतकी चांगली जागा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. (२०२४ पासून जिल्ह्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर आहे, बोलण्यातले नगर काही इतक्यात जायचे नाही.)

अमेरिकेतल्या सीबी इनसाइट्स या संस्थेने २०१४ मध्ये बंद पडलेल्या १०१ स्टार्टअपच्या संस्थापकांनी स्वतःच लिहून ठेवलेली कारणे एकत्र केली होती. एकेका कंपनीची कारणे अनेक होती, पण सर्वाधिक म्हणजे ४२ टक्के कंपन्यांत एक कारण समान निघाले : बनवलेली वस्तू बाजाराला नकोच होती. पैसा संपला हे कारण २९ टक्क्यांवर, दुसऱ्या क्रमांकाला होते. यातली गंमत अशी की, या संस्थापकांपैकी बहुतेकांनी लोकांना आधी विचारले नसेल असे नाही. विचारले की लोक चांगलेच बोलतात. कल्पना ऐकवली की मान डोलावतात, ॲप दाखवले की ते फोनमध्ये उतरवूनही घेतात. मात्र ‘यासाठी आत्ता पाचशे रुपये द्या’ म्हटल्यावर चेहरे बदलतात, आणि बाजाराची खरी चाचणी तिथून सुरू होते. कौतुकाला काही खर्च येत नाही, त्यामुळे पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य.

आता नगर जिल्ह्याकडे वळू. प्रवरानगरचा साखर कारखाना हा आपल्याकडे सहकाराच्या पाठ्यपुस्तकात अडकून पडलेला विषय आहे. सत्काराच्या भाषणांनी तो इतका गुळगुळीत झाला आहे की, तो एक अतिशय धोक्याचा नवा धंदा होता हे विसरायला होते. पार्श्वभूमी थोडक्यात अशी. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांनी कोरडवाहू मुलखात पाणी आणले आणि ऊस उभा राहिला. उसाचा गूळ व्हायचा, गुळाचा भाव व्यापारी ठरवायचे आणि भाव पडला की बागायतदार सावकाराच्या दारात जायचा. साखरेचे कारखाने आजूबाजूलाच होते. हरेगावला बेलापूर कंपनी होती, टिळकनगरला डहाणूकरांचा आणि साकरवाडीला सोमय्यांचा कारखाना. १९३२ मध्ये साखरेला जकातीचे संरक्षण मिळाल्यावर हा धंदा चांगलाच फायद्याचा झाला. पण कारखान्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन स्वतःचे ऊसमळे केले होते, त्यामुळे तो फायदा मालकाच्या घरी जायचा. म्हणजे गरज होती, कच्चा माल होता, बाजार होता, तंत्र सिद्ध झालेले होते. अडले होते ते एवढ्यावरच की, शेतकरी मिळून यंत्रांचा कारखाना चालवतील यावर कोणाचा विश्वास नव्हता. शेतकऱ्यांचाही नव्हता.

लोणी बुद्रुकच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी हा विश्वास कसा जमवला, हा आजच्या संस्थापकांनी बारकाईने पाहण्याचा भाग आहे. जेमतेम प्राथमिक शाळा शिकलेल्या या माणसाने १९२३ मध्ये गावात सहकारी पतपेढी काढली. कारखान्याचा पहिला गाळप हंगाम १९५०-५१ चा. मधली सव्वीस-सत्तावीस वर्षे चरित्रांत दोन परिच्छेदांत आटोपली जातात, पण सगळे इंगित तिथेच आहे. पतपेढी म्हणजे लहान रकमांचा व्यवहार : कोणी किती ठेवले, कोणाला किती दिले, परत कधी आले. दिलेला पैसा हिशेबाने परत मिळतो ही गोष्ट गावाने वर्षानुवर्षे पाहिली, म्हणून पुढे तोच माणूस कारखान्याच्या भागासाठी, म्हणजे शेअरसाठी, दारोदार हिंडला तेव्हा लोकांनी दार उघडले. स्वातंत्र्याच्या आगेमागे भाग गोळा करण्याची ही मोहीम चालली. भांडवलदाराकडे जाण्याआधी ज्याच्या शेतात ऊस होता त्याच्याकडे जायचे, हा तिचा क्रम होता. सरकारी भाग आणि औद्योगिक वित्त महामंडळाचे कर्ज नंतर आले. तेही या गोळा झालेल्या पैशाकडे बोट दाखवता आले म्हणून आले.

या भागाची रचनाही विचार करण्यासारखी आहे. ऊस तोडला की त्यातली साखर उतरू लागते; दिवसभरात गाळला नाही तर उतारा घटतो. उलट बाजूने, लाखो रुपयांची यंत्रे उसाअभावी एक दिवस बंद राहिली तरी व्याज चालूच असते. म्हणून साखर कारखान्याला पैशाइतकीच, किंबहुना जास्तच, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या उसाची गरज असते. सहकारी कारखान्याचा भाग उसाच्या क्षेत्राशी बांधलेला होता. भाग घेणारा सभासद भांडवल देत होता आणि त्याच सहीने ऊस घालण्याची जबाबदारीही घेत होता. कारखान्याचा सर्वांत मोठा धोका ज्याच्या हातात होता, त्यालाच मालक करून टाकले. पुढे वाढीसाठीही हाच मार्ग वापरला गेला : उसाच्या बिलातून टनामागे काही रक्कम ठेव म्हणून कापायची आणि त्यातून विस्तार करायचा. परतीच्या आणि बिनपरतीच्या ठेवी हे शब्द या पट्ट्यातल्या कुठल्याही ऊसवाल्याला पाठ असतात, आणि त्यावरून सभा तापतात हेही सर्वांना ठाऊक आहे. सभा तापणे ही चांगलीच खूण म्हणायची. स्वतःचा पैसा अडकलेला माणूसच हिशेब मागतो. कारखाना सुरू झाला तेव्हा रोजचे गाळप चारशे-पाचशे टनांच्या घरात होते. त्यानंतर मद्यार्काचा प्रकल्प, शाळा, महाविद्यालये, रुग्णालय हे सारे याच मुलखात, एकावर एक उभे राहिले.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. कारखान्याचे पहिले अध्यक्ष विखे पाटील नव्हते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ यांना ती खुर्ची दिली गेली आणि सुमारे दहा वर्षे त्यांनी ती सांभाळली. गाडगिळांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांची पाहणी केली होती आणि तिचा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला होता, म्हणजे या मुलखाचे अर्थकारण त्यांना आकड्यांनिशी माहीत होते. आज कंपनी नोंदवायच्या आधी व्हिजिटिंग कार्डावर ‘संस्थापक आणि सीईओ’ छापून घेतले जाते. ज्याने माणसे गोळा केली त्यानेच खुर्चीवर बसले पाहिजे असे नाही, हे इथे १९५० मध्ये कळलेले होते.

इथे पहिला आक्षेप ठरलेला आहे : सहकारी कारखाना हा स्टार्टअप कसा? नवे तंत्र नाही, झपाट्याने वाढ नाही, विकून बाहेर पडण्याची सोय नाही. तंत्राबाबत हे खरे आहे. पण शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना ही रचनाच त्या काळी नवी होती. आधीचे जवळचे उदाहरण म्हणजे सोलापूर जिल्ह्यातल्या माळीनगरचा कारखाना. तो सासवडहून गेलेल्या माळी शेतकऱ्यांचा असला तरी संयुक्त भांडवली कंपनी होता. वाढीबद्दल बोलायचे तर प्रवरेने स्वतः झपाट्याने वाढण्याऐवजी तिची नक्कल झपाट्याने झाली. संगमनेर, कोपरगाव, राहुरी, नेवासा, पुढे जवळजवळ प्रत्येक तालुका. नव्या कल्पनेची बाजाराने दिलेली पावती याहून मोठी काय असते?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हा पहिल्या पैशाचा नियम एवढा खरा, तर पुढे इतके सहकारी कारखाने आजारी का पडले? राहुरीच्या कारखान्याचे धुराडे कित्येक हंगाम थंड राहिले, पारनेरचा कारखाना विकला गेला, आणि राज्यात आज चालणाऱ्या सुमारे दोनशे कारखान्यांपैकी निम्म्याच्या आसपास खासगी आहेत. मला हा आक्षेप मान्य आहे, पण तो माझ्याच बाजूची साक्ष देतो असे वाटते. नंतरच्या दशकांत नव्या कारखान्यांसाठी जो साचा रूढ झाला, त्यात प्रकल्पखर्चाचा साधारण दहा टक्के वाटा सभासदांचा, तीस टक्के सरकारी भागभांडवल आणि साठ टक्के कर्ज असे, आणि कर्जालाही बहुधा सरकारची थकहमी. म्हणजे कारखाना काढण्यासाठी लागणारी मुख्य पात्रता बदलली. पूर्वी हजारो शेतकऱ्यांना पटवावे लागे, आता मंत्रालयात पटवले तरी भागू लागले. ऊस किती आहे, पाणी किती आहे हे न पाहता कारखाने मंजूर झाले आणि एकाच उसासाठी दोन-दोन गाड्या रांगेत उभ्या राहू लागल्या. सोपा पैसा आधी आणि बाजाराची परीक्षा मागाहून, हाच क्रम बंगळुरूच्या बायजूज या शिकवणीच्या कंपनीतही दिसतो. २०२२ मध्ये बावीस अब्ज डॉलर मूल्य सांगितली जाणारी ही कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली. एकीकडे सरकारची थकहमी आणि दुसरीकडे परदेशी फंडांचा पैसा. दोन्हींचा परिणाम एकच, की चुकीची किंमत लगेच कळत नाही.

साखरेपेक्षा आजच्या अर्थाने स्टार्टअपला जवळचे उदाहरण दुधाचे आहे. १९९८ मध्ये श्रीरामपूरजवळ निर्मळ कुटुंबाने प्रभात डेअरी सुरू केली. दूध उत्पादनात आघाडीवर असलेल्या या जिल्ह्यात संगमनेर, कोपरगावचे सहकारी संघ आधीपासून होते, त्यामुळे मैदान मोकळे नव्हते. नवी डेअरी काढणाऱ्याला पहिला मोह होतो तो पिशवीवर आपले नाव छापून मुंबई-पुण्यात विकण्याचा. त्यासाठी जाहिरात लागते, वितरक लागतात, उधारी लागते आणि पहिली कित्येक वर्षे तोटा सोसायला दुसऱ्याचा पैसा लागतो. प्रभातच्या व्यवसायाचा मोठा भाग वर्षानुवर्षे घाऊक राहिला. बिस्किटे, चॉकलेट आणि खाद्यपदार्थ बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांना दूध आणि दुधाचे पदार्थ पुरवायचे. असा ग्राहक भाव पाडून मागतो, गुणवत्तेवर अडवतो, पण माल घेतल्यावर पैसे देतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा घेतो. इथे पहिला पैसा शेतकऱ्याऐवजी गिऱ्हाइकाच्या खिशातून आला, आणि नियम तोच राहिला. बाहेरचे मोठे गुंतवणूकदार, राबो समूहाचा शेतीउद्योग फंड आणि फ्रान्सची प्रोपार्को ही संस्था, २०१२ च्या सुमारास आले. म्हणजे चौदा वर्षांनी. शेअर बाजारात नोंदणी २०१५ मध्ये झाली. २०१९ मध्ये हा दुग्धव्यवसाय फ्रान्सच्या लॅक्टालिस समूहातल्या तिरुमला मिल्क प्रॉडक्ट्सला सुमारे १७०० कोटी रुपयांना विकण्याचे ठरले. विकायला हवा होता की नको, यावर मतभेद असू शकतात. श्रीरामपूरच्या पट्ट्यात वीस वर्षांत उभा राहिलेला धंदा जगातल्या सर्वांत मोठ्या दुग्धकंपन्यांपैकी एकीला विकत घ्यावासा वाटला, हे मात्र नोंदवण्याजोगे आहे.

नगर शहरातल्या फिरोदियांच्या कायनेटिकचा दाखला वेगळ्या कारणासाठी द्यावा लागतो. १९७२ मध्ये आलेली पन्नास सीसीची लुना स्कूटरसाठी वर्षानुवर्षे थांबलेल्या आणि स्कूटर परवडतही नसलेल्या माणसासाठी होती. शिक्षक, पोस्टमन, दूधवाले यांच्या बजेटमध्ये बसणारी. गिऱ्हाईक इतके नेमके ओळखले की ती देशभर गेली. पुढे १९८४ पासून होंडाच्या तंत्रावर कायनेटिक होंडा आली आणि तीही गाजली, पण १९९८ मध्ये होंडा बाहेर पडली आणि २००८ मध्ये दुचाकीचा व्यवसाय महिंद्राकडे गेला. वाढ उसन्या तंत्रावर झाली तर तंत्राचा मालक निघून जातो त्या दिवशी काय, हा प्रश्न पैशाच्या प्रश्नाचाच चुलतभाऊ आहे. फिरोदिया कुटुंबाच्याच दुसऱ्या कंपनीने २०२४ मध्ये विजेवरची लुना बाजारात आणली.

आता तिसरा आक्षेप. ऊस आणि दूध ठीक आहे, पण सॉफ्टवेअरमध्ये, औषधांत किंवा यंत्रमानव बनवण्यात वर्षानुवर्षे विकायला काहीच नसते. तिथे गिऱ्हाइकाचा पैसा आधी कसा येणार? नव्या औषधाच्या बाबतीत हे शंभर टक्के खरे आहे, आणि तिथे हा नियम लावू नये. सॉफ्टवेअरबाबत मात्र मला तितके पटत नाही. बंगळुरूची शेअरदलालीची कंपनी झिरोधा २०१० मध्ये सुरू झाली आणि बाहेरचे भागभांडवल न घेता, गिऱ्हाइकांनी दिलेल्या दलालीवर वाढली. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या झोहोनेही बाहेरचे गुंतवणूकदार टाळले आणि तमिळनाडूच्या तेनकाशी जिल्ह्यातल्या खेड्यात कार्यालय थाटले. हे अपवाद आहेत हे कबूल. पण नगरच्या मुलाने अपवादच शिकायला हवेत, कारण फंडवाल्यांची मोटार पुणे ओलांडून शिरूरच्या पुढे क्वचितच येते.

चौथ्या आक्षेपाला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. ज्याच्याकडे घालायला पैसाच नाही, त्याचे काय? प्रवरेच्या रचनेत ऊस असणारा मालक झाला. तो ऊस तोडायला पाथर्डीहून, शेजारच्या बीडहून कोयता घेऊन येणारी जोडपी मुकादमाच्या उचलीवर आली आणि उचल फेडून गेली. भागधारकांच्या यादीत त्यांचे नाव कधी लागले नाही. पहिल्या पैशाचा नियम उद्योग टिकवतो, न्याय आपोआप देत नाही. जो पैसा घालू शकत नाही पण श्रम घालतो, त्याच्या श्रमाचा हिस्सा धरण्याची तरतूद संस्थापकाने पहिल्याच दिवशी कागदावर केली नाही, तर पन्नास वर्षांनी ती कोणी करत नाही. आजच्या कंपन्यांत कर्मचाऱ्यांना शेअर देण्याची पद्धत आहे. गोदामातल्या हमालापर्यंत ती पोचलेली मी तरी ऐकलेली नाही.

नगर जिल्ह्यात आज काय करता येईल, याची यादी कोणीही देईल. पारनेर-नगरचा कांदा भाव पडल्यावर सडतो, राहाता-संगमनेरचे डाळिंब प्रक्रियेविना बाजारात जाते, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातले संशोधन बांधापर्यंत पोचायला वेळ लागतो. कल्पनांचा तुटवडा नाही. एखाद्याला कांदा वाळवण्याचे यंत्र घालायचे असेल, तर प्रकल्प अहवाल आणि अनुदानाचा अर्ज या दोन्हींच्या आधी त्याने दोन ठिकाणी जावे. पन्नास कांदेवाल्यांना विचारावे की, हंगामात ठरलेल्या भावाने इतके क्विंटल घालायचा करार करून त्यासाठी थोडी अनामत ठेवाल का? आणि एखाद्या मसाला कंपनीला किंवा हॉटेलवाल्याला विचारावे की, नमुना पसंत पडला तर आगाऊ मागणी द्याल का? दोन्हीकडून नकार आला तर अनुदान मिळूनही यंत्र गंजेल, आणि ही माहिती काही आठवड्यांच्या पायपिटीत, जवळजवळ फुकट मिळालेली असेल. अनुदानाला माझा विरोध नाही. प्रवरेलाही सरकारने हात दिला होता. मात्र होकार आधी आणि अनुदान नंतर, हा क्रम उलटला की काय होते याचे नमुने जिल्ह्यातल्या बंद शेडांच्या रूपाने रस्त्याकडेला उभे आहेत.

कायद्यानेही वाट करून दिली आहे. कंपनी कायद्यातल्या २००२ च्या दुरुस्तीनंतर शेतकऱ्यांना उत्पादक कंपनी काढता येते. सहकाराप्रमाणे सभासदाला एक मत आणि कंपनीप्रमाणे कारभाराची मोकळीक, असा हा मधला प्रकार आहे. नोंदणीला किमान दहा उत्पादक पुरतात. योजनेचा लाभ घेण्यासाठी घाईने दहा सह्या गोळा केलेल्या कंपन्या आजही पुष्कळ नोंदवल्या जातात, आणि त्या सह्यांमागे प्रत्येकी शंभर रुपयांचीही जोखीम नसते. आपली कंपनी काढायला निघालेल्यांनी एवढेच करावे : सही मागण्याआधी रक्कम मागावी. दहा जण ती द्यायला तयार नसतील, तर नोंदणी पुढच्या वर्षावर ढकलावी.